सुत्तर जमलं की पतंग जमला

माझं माहेर येवल्याचं. तिथे भोगी, संक्रांत आणि कर असे तीन दिवस अख्खं गाव गच्चीवर असतं. त्यामुळे डिसेंबर लागला की सोसायटीतली पोरं माझ्याकडेच येतात, "काकू, पतंग वरच जात नाही!" बहुतेक वेळा घोळ सुत्तरात, म्हणजे उडवायचा दोरा जोडण्यासाठी पतंगाला बांधतात त्या दोऱ्यात असतो.

पतंग मध्यम आकाराचा घ्या. उजेडासमोर धरून बघा, कागदाला भोक नको, उभी कामटी सरळ हवी आणि कमान, म्हणजे आडवी कामटी, दोन्हीकडे सारखी वाकलेली हवी.

आता सुत्तर. दोन्ही कामट्या एकमेकींवरून जातात तिथे तिरकी समोरासमोर दोन भोकं पाडा. पेटत्या उदबत्तीचं टोक नुसतं टेकवा, कागद फाटत नाही. खालच्या टोकापासून चार-पाच बोटं वर, उभ्या कामटीच्या दोन्ही अंगांना आणखी दोन. दोरा ओवून दोन्हीकडे कामटीला पक्का बांधा आणि दोन्ही दोऱ्यांची मिळून एक गाठ मारा. खालचा दोरा वरच्यापेक्षा बोटभर लांब ठेवा. गाठीला धरून पतंग उचला. एका अंगाला कलला, तर दुसऱ्या टोकाला दोऱ्याचा तुकडा बांधा. उडवताना नुसताच ओढतोय, चढत नाही, तर वरचा दोरा जरा आखूड करा. डोक्यावर येऊन तोंडघशी पडतोय, तर खालचा.

झाडाची पानं सळसळत असतील तर वारा पुरेसा आहे. वाऱ्याकडे पाठ करून उभे राहा. जोडीदाराला पंधरा-वीस पावलं समोर पाठवा. त्याने पतंगाचं नाक वर धरून नुसता सोडायचा, फेकायचा नाही. तुम्ही हात मागे घेत दोरा ओढा. पळू मात्र नका. पळणाऱ्याचं लक्ष पतंगावर असतं, पायाखाली नाही.

मग येते खरी मेख. ढील दिली, म्हणजे दोरा सैल सोडला, की पतंग गिरकी घेतो, ओढला की नाक असेल तिकडे धावतो. नवशिके नाक खाली असतानाच घाबरून ओढतात आणि पतंग जमिनीत घुसतो. अशा वेळी ढील द्या, नाक वर वळू द्या, मग ओढा. चक्री धरणाऱ्याने दोरा मोकळा ठेवावा, एवढंच त्याचं काम.

दोरा साधा सुतीच. नायलॉन आणि काचेच्या मांज्यावर राष्ट्रीय हरित लवादाने २०१७ मध्येच देशभर बंदी घातली आहे. त्याने दुचाकीस्वारांचे गळे कापतात, पक्षी मरतात. सूर्य कलला की पक्षी घरट्याकडे निघतात, तेव्हा पतंग उतरवा. विजेच्या तारेत अडकला तर तिथेच सोडा, काठीनेही काढायला जाऊ नका.

पोरं लगेच विचारतात, "काकू, पेच कधी?" आधी पतंग एका जागी दहा मिनिटं उभा ठेवून दाखवा, मग काटाकाटीचं बोलू.