डीडब्ल्यूएम कंपाइल करण्याआधी

डीडब्ल्यूएम हा लिनक्सवर खिडक्या मांडणारा छोटा प्रोग्रॅम, म्हणजे विंडो मॅनेजर; तो सोर्स कोडवरून स्वतः कंपाइल करून घ्यायचा. हा सोर्स दोन हजार ओळींच्या पुढे जाऊ द्यायचा नाही, हा त्याच्या कर्त्यांचा हट्ट. म्हणून नाशिकच्या एम. जी. रोडवरून घेतलेल्या ४ जीबी रॅमच्या सेकंडहँड लॅपटॉपवरही तो काही सेकंदांत कंपाइल होतो. रविवार खातात त्या आधी करायच्या राहून गेलेल्या गोष्टी.

चालू डेस्कटॉप आधीच उडवू नका. गडबड झाली तर परतायला तो लागेल, शिवाय वायफाय जोडायचं, आवाज कमी-जास्त करायचा ही कामं आजवर तोच गुपचूप करत होता. डीडब्ल्यूएममध्ये यातलं काही नसतं. तेव्हा एनएमटीयूआय (वायफायसाठी), अल्सामिक्सर (आवाजासाठी) आणि ब्राइटनेससीटीएल (स्क्रीनच्या उजेडासाठी) टर्मिनलमधून आताच चालवून पाहा. टचपॅडवर टिचकी मारून क्लिक होणंही बहुधा बंद पडेल, कारण टचपॅड सांभाळणाऱ्या लिबइनपुट या लायब्ररीत ते मुळात बंद असतं. स्क्रीनवर खिडक्या दाखवणाऱ्या एक्सऑर्गच्या कॉन्फिग फोल्डरमध्ये टॅपिंग चालू करणारी छोटीशी फाइल टाकून ठेवा.

निफाडच्या मळ्यात बसून निवांत करू असा बेत असेल, तर पॅकेजेस मात्र नाशिकमधूनच उतरवून न्या. डेबियन, उबंटू किंवा मिंटवर बिल्ड-इसेन्शियल, गिट आणि एक्सइनिट घ्या, आणि एक्स-इलेव्हन, एक्सएफटी, झिनेरामा या तिघांची ‘डेव्ह’ शेपटीची पॅकेजेस. लायब्ररी मशीनवर असतेच हो, पण कंपायलरला हेडर फाइली लागतात आणि त्या डेव्हमध्ये असतात. ‘एक्सलिब डॉट एच’ सापडत नाही अशी एरर आली, तर यातलंच काहीतरी सुटलंय.

सोर्स एकट्या डीडब्ल्यूएमचा नको, एसटी (टर्मिनल) आणि डीमेन्यू (प्रोग्रॅम नावाने शोधून चालवणारी यादी) यांचाही घ्या. ऑल्ट-शिफ्ट-एंटर दाबल्यावर डीडब्ल्यूएम एसटीच शोधतो, ऑल्ट-पी दाबल्यावर डीमेन्यू. ते नसतील तर वर एक पट्टी, खाली रिकामा स्क्रीन, आणि आपण बसलोय! ऑल्ट-शिफ्ट-सी खिडकी बंद करतं, ऑल्ट-शिफ्ट-क्यू थेट बाहेर काढतं. कळांच्या या चार जुळण्या कागदावर लिहून समोर ठेवा.

सेटिंग कॉन्फिग डॉट एच या फाइलीत असतात. पहिल्यांदा मेक (कंपाइल करणारी कमांड) चालवलं की ती कॉन्फिग डॉट डेफ डॉट एचवरून तयार होते. पुढे मूळ फाइल कितीही बदला, ढिम्म फरक पडत नाही. बदल कॉन्फिग डॉट एचमध्येच करा आणि पुन्हा सुडो मेक क्लीन इन्स्टॉल.

आता आपल्या देवनागरीचं. नोटो किंवा लोहित फॉन्ट टाकून ठेवा, नाहीतर चौकोन दिसतील. पण फॉन्ट असूनही वरच्या पट्टीत जोडाक्षरं सुटी पडतात आणि पहिली वेलांटी अक्षराच्या उजवीकडे जाऊन बसते. अक्षरं जुळवण्याचं काम डीडब्ल्यूएम करतच नाही; एसटी आणि डीमेन्यूचीही तीच गत. ब्राउझर आणि लिबर ऑफिसमध्ये मराठी नीट दिसते, त्यामुळे मला तरी हे चालतं. दिवसभर टर्मिनलमध्येच मराठी लिहिणार असाल, तर हा खटाटोप करूच नका. मराठी कीबोर्डसाठी सेटएक्सकेबीमॅप या कमांडची ओळ तयार ठेवा, पण भाषा बदलायला ऑल्ट-शिफ्ट नेमू नका. डीडब्ल्यूएमची निम्मी कामं त्याच जोडीवर चालतात. कॅप्स लॉक द्या, तसाही त्याचा उपयोग काय?

सेटएक्सकेबीमॅपची ओळ होम फोल्डरमधल्या डॉट-एक्सइनिटआरसी या फाइलीत जाते (स्टार्टएक्स दिल्यावर हीच फाइल चालते), आणि सगळ्यात खाली ‘एक्झेक डीडब्ल्यूएम’. तिथे घड्याळ वा बॅटरी दाखवणारं लूप टाकलंत, तर त्याच्या शेवटी अँपरसँड (&) हवाच. नाहीतर लूप संपायची वाट बघत खालची ‘एक्झेक डीडब्ल्यूएम’ ही ओळ कधी चालणारच नाही. फाइल तयार झाली की कंट्रोल-ऑल्ट-एफ३ दाबून नुसत्या अक्षरांच्या कन्सोलवर जा, लॉगिन करा आणि स्टार्टएक्स.

पॅच, म्हणजे सोर्समध्ये नव्या सोयी घालणारे तयार बदल, मात्र इतक्यात नकोत. आधी आठवडाभर कोरा डीडब्ल्यूएम वापरा, आणि नंतर लावाल तेव्हा एकेकच, दर वेळी गिटमध्ये कमिट करून.