तंतुवाद्याच्या रियाजात लक्ष कुठे ठेवावे?

गज ओढताना आवाज थरथरला की आपण हाताकडे बघतो. कोपर वर घे, मनगट सैल सोड, करंगळी वाकव... आणि हात आणखीच आखडतो. जे अंगवळणी पडले आहे, त्यात मन लुडबुड करू लागते. २०११ मध्ये संगीतशिक्षणाचे संशोधक रॉबर्ट ड्यूक आणि सहकाऱ्यांनी संगीताच्या १६ विद्यार्थ्यांवर कीबोर्डचा प्रयोग केला. शिकलेला स्वरक्रम बदलून वाजवताना, बोटांपेक्षा आवाजावर लक्ष असेल तेव्हा स्वर जास्त एकसारखे पडले. तारेवरही हे करून पाहता येते.

१. व्हायोलिनच्या मोकळ्या तारेवर लांब गज ओढा आणि फोनवर रेकॉर्ड करा. एकदा कोपराचा विचार करत, एकदा फक्त गज तारेला टेकतो त्या ठिपक्याकडे बघत. गज घोडीकडे (तारा ज्यावर टेकतात तो लाकडी तुकडा) घसरला की आवाज करकरतो, बोटे ठेवतो त्या पट्टीकडे गेला की पोकळ होतो. घोडीजवळ वाजवायचे तर गज हळू आणि जरा वजन देऊन लागतो. गज त्या ठिपक्यावरून हलू द्यायचा नाही, एवढेच ठरवा. कोपर आपली जागा शोधते. मग दोन्ही रेकॉर्डिंग डोळे मिटून ऐका.

२. सुरासाठी मला सर्वांत आवडणारी युक्ती ही. पाश्चात्त्य पद्धतीने जुळवलेल्या व्हायोलिनवर ए तारेवर तिसऱ्या बोटाने डी वाजवा आणि शेजारची मोकळी डी तार बघा. सूर नेमका लागला की न छेडताही ती थरथरते, तिची कडा धूसर दिसते. बोट किती सरकवायचे हे मोजू नका, ती तार थरथरवायची आहे.

३. गिटारवर डाव्या हाताचा दाब जास्त पडतो. बोट पडद्याच्या (फ्रेटच्या) लगेच मागे, तारेवर नुसते टेकवा. छेडत छेडत दाब वाढवा आणि स्वर स्वच्छ झाला की थांबा. बहुतेकांना इतका कमी दाब पुरतो याचे नवल वाटते.

४. वहीत लिहिलेल्या सूचना बदलून घ्या. ‘मनगट सैल’ऐवजी ‘गजाचे वजन तारेवर सोडा’.

अगदी नवख्याने दूरच्या आवाजापेक्षा गजाच्या स्पर्शापासून सुरुवात करावी, असे मला वाटते. आणि मान किंवा अंगठा दुखू लागला तर वाद्य खाली ठेवा. तेव्हा मात्र शरीराकडेच बघायचे: हनुवटी किती आवळली आहे, खांदा कुठवर चढला आहे.