सारंगखेड्यात ‘अरबी’ घेताना

माझा पहिला घोडा मी सारंगखेड्याला घेतला. तापीकाठचं हे गाव नंदुरबार जिल्ह्यात, शहादा तालुक्यात. दत्तजयंतीपासून यात्रा भरते आणि राजस्थान, गुजरात, पंजाबपासूनचे घोडे बाजारात उतरतात. मी घेतला तो पांढराशुभ्र होता, नाकपुड्या गुलाबी. “शुद्ध अरबी आहे भाऊ,” असं व्यापारी म्हणाला आणि मी सव्वा लाख मोजून मोकळा झालो. गावी नानांनी त्याला एकदा न्याहाळलं. “हा नुकरा. वरातीत नाचवायला झकास.” पुढे घोड्यांच्या खरेदी-विक्रीचा धंदा मी त्यांच्याच हाताखाली शिकलो.

नवख्याने आधी एवढं ध्यानात घ्यावं, की आपल्या बाजारात ‘अरबी’ म्हणजे बहुतेक वेळा नुसतं कौतुक असतं. अरबी घोड्याची कातडी काळी असते. पांढरा दिसणारा अरबी जन्मतो गडद रंगाचा आणि वयाबरोबर पांढरा होत जातो. नुकरा जन्मापासून पांढरा, कातडी गुलाबी. अरबीच्याही तोंडावर पांढरा पट्टा असेल तर त्याखाली गुलाबी कातडी निघते, म्हणून नाकावरून ठरवू नका, मानेवरचे केस पाण्याने ओले करून खालची कातडी बघा. कानांची टोकं आत वळून एकमेकांना भिडत असतील तर तो मारवाडी किंवा काठेवाडी. अरबीचं कपाळ रुंद, नाकाची रेघ मधे किंचित खोलगट, पाठ आखूड, चालताना शेपूट वर. उंची साधारण 57 ते 61 इंच. पासष्ट इंची ‘अरबी’ दाखवला तर चहा पिऊन पुढे निघा. शर्यतीतून निवृत्त झालेले थरोब्रेड (शर्यतीच्या घोड्यांची जात) हेही याच नावाने खपवले जातात.

खात्री फक्त कागद देतो. वंशावळीच्या नोंदवहीतली नोंद आणि त्या नोंदीशी जुळणारी मायक्रोचिप. यातलं एक जरी नसेल तर जनावर कितीही देखणं असो, भाव संकराचाच द्या.

जातीपेक्षा पाय महत्त्वाचे, हे मात्र मला दुसऱ्या फटक्यात कळलं. एक घोडी दुपारी सुरेख पळाली, दुसऱ्या दिवशी लंगडली. दुखणं दाबायचं इंजेक्शन दिलेलं होतं. तेव्हापासून मी पसंत पडलेलं जनावर संध्याकाळी बघतो आणि पहाटे, मालकाला न कळवता, पुन्हा जातो. कडक जमिनीवर दुडक्या चालीने, लगाम सैल सोडून पळवायला लावतो. पुढचा पाय दुखत असेल तर तो टेकताना घोडा डोकं वर उचलतो, चांगला पाय टेकताना खाली घेतो. खूर हाताने चाचपून बघा, एखादा जास्त गरम लागला तर सोडून द्या.

वय दातांवरून. पुढच्या दातांची पहिली पक्की जोडी अडीच वर्षांच्या सुमारास येते, दुसरी साडेतीन, तिसरी साडेचारला. पाचव्या वर्षी तोंड भरतं. त्यानंतर दातांच्या झिजेवरून अंदाजच बांधायचा, आणि दात कोरून वय चोरणारेही भेटतात.

देवमण (गळ्यावरचा शुभ मानलेला भोवरा), अंगावरचे केसांचे भोवरे, पंचकल्याणी (चारही पाय आणि तोंडावर पांढरा) यांवर माझा विश्वास नाही. पण गिऱ्हाइकाचा असतो! अशुभ भोवऱ्याचा घोडा स्वस्तात मिळतो आणि विकायला तितकाच जड जातो, एवढा हिशेब ठेवा.

सौदा अजूनही काही ठिकाणी रुमालाखाली बोटं दाबून होतो. खुणा येत नसतील तर तोंडी बोला, लाज कसली? दलालाला आधीच विचारा की तो पैसे कोणाकडून घेणार. बाजाराची पावती, आरोग्य दाखला आणि ग्लँडर्सच्या रक्ततपासणीचा अहवाल हातात आल्याशिवाय पूर्ण रक्कम देऊ नका. हा रोग माणसालाही होतो आणि बाधित घोड्याला कायद्याने दयामरण द्यावं लागतं. घरी आणलेला घोडा दोन-तीन आठवडे वेगळा बांधा, आणि जुन्या मालकाचाच चारा थोडा सोबत आणा. एकदम हरभऱ्यावर नेलं की पोटशूळ ठरलेला.

विकताना मी खोड आधी सांगतो. चावरा असेल तर चावरा. त्याने भाव उतरतो, पण बाजार लहान आहे आणि दरवर्षी तीच माणसं भेटतात.

तो पहिला घोडा मी पुढच्या यात्रेत एका वरातवाल्याला विकला, नुकरा म्हणूनच. वीस हजारांचा तोटा झाला. दोन लग्नसराया झाल्यावर तोच वरातवाला दुसरा घोडा मागायला नानांच्या ओसरीवर आला, तेव्हा नानांनी त्याला माझ्याकडे पाठवलं.