भांग रुंदावतोय? आधी हे करा
कोल्हापुरात राजारामपुरीत माझं पार्लर आहे, तरी सांगते: आईसारखा भांग रुंदावत चालला असेल तर तेलांत पैसे घालू नका. आधी त्वचारोगतज्ज्ञांना दाखवा. हिमोग्लोबिन, फेरिटिन (म्हणजे अंगातला लोहाचा साठा), थायरॉइड तपासून घ्या. त्यांनी मिनॉक्सिडिल, म्हणजे केस वाढायला डोक्याला लावायचं पातळ औषध, दिलं तर कोरड्या डोक्याला, भांग पाडत पाडत, केसांना नव्हे कातडीला लावा. हात लगेच धुवा. कपाळावर ओघळ आला तर पुसा, नाहीतर तिथंच लव उगवायची! सुरुवातीचे काही आठवडे केस जास्तच गळतात. घाबरून सोडू नका. फरक दिसायला 4 ते 6 महिने लागतात, बंद केलं की गळती परत सुरू. गरोदरपणात आणि अंगावर पाजताना नकोच. तोवर भांग नागमोडी पाडा, केसांच्या रंगाची पावडर ब्रशनं टिपा. अंबाबाईच्या रांगेत घामानं ती उतरते, तेवढा रुमाल जपून फिरवा.