आउटबोर्डचे एचपी: कव्हरवर किती, पाण्यात किती, हे कसे तपासावे

"इंजिन १५ एचपीचं म्हणून घेतलं, पण होडी काही १५ च्या जोराने पळत नाही." आउटबोर्डबद्दल, म्हणजे होडीच्या मागे बाहेरून बसवायच्या इंजिनाबद्दल, ही तक्रार ऐकली की मी एकच प्रश्न विचारतो: पूर्ण थ्रॉटलला (अ‍ॅक्सिलरेटर पूर्ण उघडल्यावर) आरपीएम, म्हणजे इंजिनाचे मिनिटाला फेरे, किती जातात? बहुतेकदा उत्तर येतं, "ते नाही बघितलं." मग एचपीवर बोलण्यात अर्थ नसतो. कारण कव्हरवरचा आकडा एका ठरावीक आरपीएमला मिळणारी शक्ती सांगतो. इंजिन तिथवर पोचलंच नाही, तर ती शक्ती तयारच होत नाही.

आधी आकडा नीट वाचा. इंजिनाच्या पट्टीवर किंवा माहितीपुस्तिकेत किलोवॅट आणि आरपीएम दिलेले असतात. एक एचपी म्हणजे सुमारे ७४६ वॅट, त्यामुळे १५ एचपी म्हणजे ११.२ किलोवॅट. मेट्रिक एचपी थोडा लहान, ७३५.५ वॅटचा. म्हणून तुलना नेहमी किलोवॅटमध्ये करावी.

इंजिन जुनं असेल तर ते कधीचं आहे हेही बघा. १९८० च्या दशकाच्या मध्यापर्यंत अनेक उत्पादक क्रँकशाफ्टवरची, म्हणजे इंजिनाच्या मुख्य दांड्यावरची, शक्ती छापत. गिअर आणि पाण्याच्या पंपात जाणारी शक्ती त्यातून वजा केलेली नसे. नंतर पंख्याच्या (प्रोपेलरच्या) शाफ्टवर मोजायची पद्धत रूढ झाली. त्यामुळे त्या काळातलं २५ आणि आजचं २५ एकाच तराजूत घालता येत नाहीत. आजचं मोजमाप आयएसओ ८६६५ या मानकाप्रमाणे होतं आणि ते २५ अंश सेल्सिअस तापमान, १०० किलोपास्कल हवेचा दाब व ३० टक्के आर्द्रता धरून दुरुस्त केलेलं असतं. दमट उकाड्यात थोडी शक्ती कमी मिळणार हे त्यातच आलं. उंचावरच्या तलावात तर दर हजार मीटरला साधारण दहा टक्के घट धरावी.

शिवाय आकड्यामागे थोडा बाजारही असतो. सुझुकीची ९.९, १५ आणि २० एचपीची चार-स्ट्रोक इंजिनं एकाच ३२७ सीसी क्षमतेवर उभी आहेत. ९.९ हा विचित्र आकडा लोकप्रिय झाला तो काही जलाशयांवर १० एचपीची मर्यादा असते म्हणून.

आता पाण्यात. दांड्याने वळवायच्या लहान इंजिनाला आरपीएम मीटर नसतो. स्पार्क प्लगच्या वायरीवर गुंडाळायचा टॅकोमीटर चालतो, पण त्याचं सेटिंग तपासा. बरीच लहान चार-स्ट्रोक इंजिनं दर फेऱ्याला ठिणगी टाकतात. सेटिंग चुकलं की आकडा निम्मा किंवा दुप्पट दिसतो, आणि माणूस निष्कारण मेकॅनिककडे धावतो.

नेहमीचा भार ठेवा, पाणी शांत असू द्या, इंजिन गरम होऊ द्या. थ्रॉटलची केबल पूर्ण उघडते का, हे इंजिन बंद असतानाच बघून घ्या. इंजिन बंद करणारी दोरी मनगटाला अडकवा. एकाने होडी चालवावी, दुसऱ्याने आकडे लिहावेत. पूर्ण थ्रॉटलला एकदा जाताना आणि एकदा येताना आरपीएम व जीपीएसवरचा वेग टिपून सरासरी काढा, म्हणजे वारा आणि प्रवाह यांचा हिशेब मिटतो.

मग आकडेमोड. समजा, १५ एचपी ५,५०० आरपीएमला लिहिलेत आणि तुमचं इंजिन ४,९०० वरच अडतं. त्या टप्प्यात टॉर्क (फिरवण्याचा जोर) जवळपास सारखा राहतो असं धरलं, तर ४,९०० भागिले ५,५०० म्हणजे ०.८९, हाती आले साडेतेराच्या आतबाहेर. इंजिन निरोगी असेल तर दोष पंख्याचा: पिच, म्हणजे एका फेऱ्यात पंखा कागदोपत्री जेवढं अंतर पुढे जातो ते, जास्त आहे. एक इंच पिच कमी केली की साधारण १५० ते २०० आरपीएम वाढतात. उलट आरपीएम मर्यादेबाहेर जात असतील, तर पिच कमी आहे, पंखा हवा ओढतोय किंवा त्याच्या आतलं रबरी बूश घसरतंय.

पंखा पाण्यात किती घसरतो, म्हणजे स्लिप किती, तेही काढा. आरपीएम गुणिले इंचातली पिच गुणिले ०.००१५२४, भागिले गिअर रेशो (पंख्याच्या एका फेऱ्याला इंजिनाचे किती फेरे), म्हणजे ताशी किलोमीटरमधला कागदी वेग. ५,५०० आरपीएम, ९ इंच पिच आणि २.०८ रेशो घेतला तर तो सुमारे ३६ येतो. जीपीएसवर ३० दिसले तर स्लिप १७ टक्के. पाण्यावर उचलून धावणाऱ्या हलक्या होडीला १० ते २० टक्के ठीकच. त्याहून बरीच जास्त असेल तर पंख्याची वाकलेली पाती, तळाला चिकटलेलं शेवाळ आणि इंजिन किती उंच बसवलंय ते बघा.

वेगावरून मात्र एचपी ठरवू नका. धावणाऱ्या होडीचा वेग ढोबळमानाने शक्तीच्या वर्गमुळाप्रमाणे वाढतो. शक्ती १० टक्के घटली तरी ताशी ३० चे साडेअठ्ठावीसच होतात. एवढा फरक एक जाडजूड पाहुणाही पाडतो.

पंखा बदलूनही आरपीएम चढत नसतील, तर मग इंजिन उघडा: कॉम्प्रेशन (सिलिंडरमधला दाब), प्लग, इंधनाचा फिल्टर, कार्ब्युरेटर, या क्रमाने. उत्पादकाने सुचवलेला पंखा लावून आधीच एकदा घेतलेली नोंद असेल तर हे काम फार सोपं जातं, कारण तुलनेला काहीतरी असतं. आणि अगदी नेमका आकडाच हवा असेल, तर पंखा काढून शाफ्टला डायनॅमोमीटर, म्हणजे शक्ती मोजायचं यंत्र, जोडावा लागतो. ती सोय वर्कशॉपमध्येच, आणि तीही फार थोड्या.