कॅन्सरचे उपचार घेणाऱ्या वृद्धांशी कसे बोलावे आणि मनाचा गोंधळ वेळीच कसा ओळखावा

फाइल, गोळ्यांचा डबा, चष्मा आणि कवळी तुम्ही हाताशी ठेवली आहे असे मी धरून चालते. कानाच्या यंत्रातील सेल मात्र रोज तपासा. सोलापुरात ज्यांची हयात यंत्रमागावर गेली, त्यांच्यापैकी अनेकांना मागाच्या खडखडाटामुळे कमी ऐकू येते, आणि ऐकूच न आलेल्या प्रश्नाला त्यांनी दिलेले भलतेच उत्तर घरच्यांना विसरभोळेपणा वाटते.

टीव्ही बंद करा, समोर बसा, एका वेळी एकच गोष्ट विचारा. घरची भाषा तेलुगू किंवा कन्नड असेल, तर त्याच भाषेत विचारा.

"समजलं का?" हा प्रश्न कायमचा सोडून द्या. केमोथेरपीच्या दुसऱ्या फेरीनंतर, एप्रिलच्या उन्हात, माझे वडील दोन दिवस शांत पडून होते. जेवलात का? हो. बरं वाटतंय? हो. त्या शांतपणालाच आम्ही विश्रांती समजलो. तिसऱ्या सकाळी मी कपबशी हातात दिली, तेव्हा चहा कपातच होता आणि ते रिकाम्या बशीवर फुंकर घालत होते. फोनवर एका डॉक्टरांनी "वय झालं, असं होणारच" असे सांगितले. दुसरीकडे रक्त तपासले, तेव्हा सोडियम बरेच उतरलेले आणि शरीरातील पाणी कमी झालेले निघाले.

म्हणून माझे ठाम मत आहे, की अचानक आलेल्या गोंधळाला वय हे उत्तर कोणाकडूनही स्वीकारू नये. स्मृतिभ्रंश महिनोन्‌महिने हळूहळू वाढतो. काही तासांत किंवा एक-दोन दिवसांत सुरू होणारा आणि सकाळी कमी, संध्याकाळी जास्त असा बदलत राहणारा गोंधळ म्हणजे डिलिरियम, आणि त्यामागे बहुधा शारीरिक कारण असते : जंतुसंसर्ग, पाण्याची कमतरता, तुंबलेली लघवी, बद्धकोष्ठता, किंवा झोपेच्या गोळ्या, स्टेरॉइड, मॉर्फिनसारखी वेदनाशामके. बडबडणारा, उठून पळू पाहणारा रुग्ण सर्वांच्या लक्षात येतो. गुंगीत पडून "हो" म्हणणारा निसटतो.

त्यामुळे "हो-नाही"त उत्तर देता येणार नाही असेच विचारा. "सकाळी काय खाल्लंत?" "ही पांढरी गोळी कधी घ्यायची, ते मला सांगा." मग रविवारपासून उलटे वार म्हणायला सांगा. काल जमत होते आणि आज शुक्रवारपाशीच अडखळतात, तर त्याच दिवशी डॉक्टरांना गाठा. गोंधळ कधी सुरू झाला, लघवी-शौच कधी झाले आणि आठवड्याभरात कोणते औषध नवे लागले, हे लिहून न्या. स्वतःच्या मनाने गोळी बंद करू नका. केमोथेरपी सुरू असताना ताप 100.4 फॅरनहाइट किंवा त्याहून अधिक असेल, तर मध्यरात्र असली तरी निघा.

गोंधळलेल्या माणसाशी वाद घालू नये. दवाखान्यात वडील रात्री "माग बंद करायचा राहिला" म्हणत उठू लागले, तेव्हा "कुठला माग? वीस वर्षं झाली सोडून!" असे मी म्हणाले आणि ते घाबरून सलाईनची नळी ओढू लागले. दुसऱ्या रात्री दिवा लावला, चष्मा चढवला, हात धरून म्हणाले, "बाबा, मी तुमची मुलगी. आपण दवाखान्यात आहोत, रात्रीचे दोन वाजलेत, मागाची काळजी नको." तेच चार वेळा, त्याच आवाजात सांगावे लागले. पाचव्यांदा त्यांनी पाणी मागितले.