आइस हॉकी बघताना: धक्का कुठवर चालतो?

जळगावच्या उन्हाळ्यात बर्फ दिसतो तो रसवंतीवरच्या लादीचा. त्यामुळे पहाटे उठून एनएचएल (उत्तर अमेरिकेतली व्यावसायिक आइस हॉकी लीग) बघायला बसलेला नवखा पहिल्याच पाच मिनिटांत गोंधळतो. एक जण धाडकन आदळला तरी खेळ चालूच, आणि दुसऱ्याला जरासं लागलं तर धक्का देणारा दोन मिनिटं बाहेर!

जोर नंतर बघा. आधी बघा पक, म्हणजे चेंडूऐवजी वापरतात ती रबरी चकती, कुणाकडे आहे. कबड्डीत डॅश रेडरलाच मारतात ना, तसा इथे धक्का पकवाल्यालाच, खांद्याने किंवा कमरेने. पास देऊन मोकळ्या झालेल्याला उशिरा ठोकलं की इंटरफिअरन्स. लांबून वेग घेत येऊन किंवा उडी मारून आदळलं तर चार्जिंग. कोपर, गुडघा पुढे काढला तर वेगळं सांगायलाच नको.

खरी मेख बोर्डिंगमध्ये, म्हणजे समोरच्याला धोकादायकपणे फळीवर आदळवण्यात आहे. मैदानाभोवतीची फळी साधारण साडेतीन फूट उंच. तिला चिकटून उभ्या असलेल्याला दाबलं तर फारसं बिघडत नाही. पण तो तीन-चार फुटांवर असेल तर तोल जाऊन डोकंच फळीवर जातं. समोरच्याच्या पाठीवरचा नंबर दिसला की आवरायचं, जबाबदारी धक्का देणाऱ्याची. मात्र मार बसणारा ऐनवेळी मुद्दाम वळला असेल तर रेफरी तेही धरतो. मागून सरळ धक्का दिला तर एनएचएलमध्ये दोन मिनिटांची सोयच नाही: पाच मिनिटं आणि सामन्यातून बाहेर.

डोक्याचा वेगळा नियम 2010-11 च्या हंगामात आला. धक्क्याचा मुख्य भार डोक्यावर आला आणि तो टाळता आला असता, तर खांदा लागला तरी गुन्हाच.

दोन मिनिटांची शिक्षा चालू असताना समोरच्यांनी गोल केला की ती तिथेच संपते; पाच मिनिटांची पूर्ण भोगावी लागते. रेफरीने हात वर केला पण शिट्टी नाही, असं दिसलं तर घाबरू नका. चूक करणाऱ्या संघाच्या ताब्यात पक आला की शिट्टी वाजते. तोवर समोरचा संघ गोलकीपर काढून जादा खेळाडू आत घेतो. मग खूण बघा: मूठ तळहातावर आपटली तर बोर्डिंग, छातीसमोर मुठी एकमेकींभोवती फिरवल्या तर चार्जिंग.

आणि पोरगं चाकांच्या स्केट्सवर इनलाइन हॉकी शिकत असेल तर टीव्हीवरचं काही उचलू देऊ नका. तिथे अंगाने धक्का देणंच नियमबाह्य आहे, पक कुणाकडेही असो.